ख्रिस्ती महाविद्यालयात विभागप्रमुख घडवायचे तर

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातले अनुदानित ख्रिस्ती महाविद्यालय. 64 प्राध्यापक, त्यांतले 15 ख्रिस्ती, बाकीचे बौद्ध, हिंदू, मुस्लिम. येत्या तीन वर्षांत पाच विभागप्रमुख निवृत्त होणार आहेत. मॅनेजमेंटने आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) समन्वयकांना सांगितले आहे की नव्या फळीसाठी ख्रिस्ती श्रद्धेवर आधारलेले नेतृत्व प्रशिक्षण वर्षभर चालवा. गेल्या वर्षी एका दिवसाची कार्यशाळा झाली होती. भक्तिगीत, बायबलवाचन, बाहेरचे दोन वक्ते, शेवटी प्रमाणपत्र. जेवणानंतर अर्धा हॉल रिकामा. यंदा काय वेगळे करावे?

हॉल रिकामा झाला तो कार्यक्रमात धर्म होता म्हणून, असे बऱ्याच जणांना वाटते. मला तसे वाटत नाही. त्या दिवसभरात विभागप्रमुखाच्या टेबलावरचा एकही कागद कोणी उघडला नाही, म्हणून लोक गेले. वर्कलोड कसा वाटायचा, सीएचबीच्या (तासिका तत्त्वावरच्या) माणसाचे बिल कधी पाठवायचे, इंटर्नल मार्कांवरून भांडण आले तर काय करायचे, यांतले काहीच निघाले नाही. श्रद्धा सकाळच्या प्रार्थनेत आणि नेतृत्व दुपारच्या पॉवरपॉइंटमध्ये, अशी वाटणी झाली की दोन्ही वाया जातात. ख्रिस्ती संस्थेचे ख्रिस्तीपण विभागप्रमुखाच्या सहीत दिसले पाहिजे. पुढची सगळी आखणी याच धाग्यावर केली आहे.

पण त्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करा, कारण गोंधळ तिथेच होतो. पहिली म्हणजे कॅससाठी (प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेसाठी) लागणारे औपचारिक अभ्यासक्रम, दुसरी संस्थेचे स्वतःचे नेतृत्व प्रशिक्षण, आणि तिसरी ज्यांना हवी त्यांच्यासाठी आध्यात्मिक जडणघडण. तिन्हींच्या नोटिसा, खर्चाची खाती आणि हजेरीचे नियम वेगवेगळे ठेवा. तिसऱ्या प्रकाराला तर हजेरीपत्रकच नको.

यामागे कायदाही आहे. संविधानाच्या कलम 30(1) ने अल्पसंख्याकांना संस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. पण कलम 28(3) सांगते की मान्यताप्राप्त किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत येणाऱ्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. 'सर्वांनी उपस्थित राहणे बंधनकारक' हे वाक्य आणि 'प्रारंभी उपासना' हे वाक्य एकाच नोटिशीत आले की तुमची बाजू लंगडी झाली. लोक हे मुद्दाम करत नाहीत. जुन्या नोटिशीवरून नवी टाइप होते आणि ओळ तशीच राहते. जूनमध्येच ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा नोटिशीचा नमुना बदलून घ्या.

अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठांच्या वेबसाइट वाचून आखणी करणारे इथे हमखास फसतात. तिथे 1964 च्या नागरी हक्क कायद्याने धार्मिक संस्थांना नोकरीत स्वधर्मीयांना प्राधान्य देण्याची सूट दिली आहे. त्यामुळे अनेक विद्यापीठे प्राध्यापकांकडून श्रद्धेच्या निवेदनावर सही घेतात. काही ठिकाणी पदोन्नतीसाठी 'माझी श्रद्धा आणि माझा विषय' असा सविस्तर निबंधही द्यावा लागतो. तिथल्या व्यवस्थेत ते बसते. आपल्या अनुदानित महाविद्यालयात, जिथे चारांतले तीन सहकारी वेगळ्या धर्माचे आहेत, तिथे तो साचा आणणे चूक आहे आणि अन्यायही. आपल्याकडे अल्पसंख्याक संस्थेला जागा आहे ती वेगळ्या ठिकाणी. उदाहरणार्थ, मलंकारा सीरियन कॅथलिक कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले की अनुदानित अल्पसंख्याक महाविद्यालयाला प्राचार्य निवडताना ज्येष्ठतेचा नियम बांधत नाही, पात्र व्यक्ती निवडण्याचा हक्क व्यवस्थापनाचा आहे. हक्क इतका मोठा असेल तर निवडीआधी माणसे तयार करण्याची जबाबदारीही मोठी, आणि नेमकी तीच आपण टाळतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे महाविद्यालयाच्या प्राचार्याची मुदत पाच वर्षे, मूल्यमापनानंतर आणखी पाच. म्हणजे खुर्ची कधी रिकामी होणार हे आधीच माहीत असते, तरी शेवटच्या सहा महिन्यांत धावपळ सुरू होते.

कॅसचे लवकर आटोपतो. सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल 10 मधून 11 मध्ये जायला 21 दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स लागतो, आणि त्याशिवाय एक रिफ्रेशर किंवा रिसर्च मेथडॉलॉजी कोर्स, नाहीतर किमान पाच दिवसांचे दोन कार्यक्रम, नाहीतर ई-प्रमाणपत्रासह एक मूक्स (ऑनलाइन कोर्स). मालवीय मिशनच्या शिक्षक प्रशिक्षणात जी आठ विषयसूत्रे आहेत त्यांत 'शैक्षणिक नेतृत्व, प्रशासन व व्यवस्थापन' हे एक आहे. तुमच्या निवडलेल्या माणसांना रिफ्रेशर करायचाच असेल तर याच सूत्रातला करायला सांगा. तुम्ही स्वतः सलग पाच दिवसांचा एफडीपी (प्राध्यापकांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम) घेणार असाल तर त्यात धार्मिक भाग अजिबात ठेवू नका आणि विद्यापीठाच्या कॅस विभागाकडून आधी लेखी विचारून घ्या. प्रमाणपत्रावर 'आध्यात्मिक' शब्द पाहून छाननी समितीने कागद बाजूला ठेवला, तर नुकसान त्या प्राध्यापकाचे होते, तुमचे नाही.

आता मुख्य गोष्ट, संस्थेचे स्वतःचे प्रशिक्षण. 64 जणांना एकत्र बसवू नका. बारा जण घ्या. त्यात किमान पाच जण बिगरख्रिस्ती असावेत आणि निवडीचे निकष नोटीस बोर्डावर लावावेत. महिन्यातून एक शनिवार, नव्वद मिनिटे, अशी आठ सत्रे. प्रत्येक सत्रात एक उतारा आणि एक खरा कागद. उताऱ्याला पंधरा मिनिटे, कागदाला तास, शेवटची पंधरा मिनिटे लेखी निर्णयाला. उतारा बायबलमधला आहे हे उघड सांगा. 'वैश्विक मूल्ये' असे गुळगुळीत नाव देऊन तोच उतारा पुढे सरकवला तर लोकांना कळतेच, आणि लपवले म्हणून संशय वाढतो. 'हा आमच्या परंपरेतला मजकूर आहे, तुम्ही तो मानावा अशी अट नाही, यातल्या माणसाने निर्णय कसा घेतला एवढे पाहू' असे म्हटले की बौद्ध किंवा मुस्लिम सहकारी मोकळेपणाने बोलतात. त्यांना फसवल्यासारखे वाटत नाही, हेच मोठे काम झाले.

एक सत्र जवळून पाहू. उतारा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा अध्याय 18, इथ्रो आणि इस्राएल लोकांचा पुढारी मोशे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसला आहे आणि रांग संपत नाही. सासरा इथ्रो पाहतो आणि म्हणतो, हे बरे नव्हे, तूही थकशील आणि लोकही. हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर माणसे नेम. लहान प्रकरणे त्यांनी निकालात काढावीत, अवघड तेवढी तुझ्याकडे यावीत. इथे थांबून एक गोष्ट जरूर दाखवा. इथ्रो हा मिद्यानचा याजक, बाहेरच्या समाजाचा माणूस. मोशेने त्याचा सल्ला जसाच्या तसा ऐकला. मिश्र स्टाफरूममध्ये यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही.

मग कागद. प्रत्येकाने आपल्या विभागाचे गेल्या वर्षीचे टाइमटेबल, वर्कलोड शीट आणि समित्यांची यादी आणायची. चार-चार जणांचे तीन गट, प्रत्येक गटाला ए-थ्री आकाराचा एक कागद. उभे रकाने पाच: नाव, प्रत्यक्ष तासिका, समित्या, परीक्षा व मूल्यमापन, आणि नॅक (महाविद्यालयांचे मूल्यांकन), आयशे (उच्च शिक्षणाचे सरकारी सर्वेक्षण), एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता अहवाल) यांची कागदपत्रे. सगळे आठवड्याच्या तासांत मोजायचे. नियमाने सहायक प्राध्यापकाला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी व प्राध्यापकाला 14. हा तासिकांचा रकाना सगळ्यांचा साधारण सारखाच निघतो. फरक पुढच्या तीन रकान्यांत. लाल पेनाने ती कामे गोल करा जी एखाद्याकडे केवळ तो 'नाही' म्हणत नाही म्हणून गेली आहेत. बहुतेक लाल गोल सर्वांत तरुण माणसाभोवती आणि सीएचबीवाल्यांभोवती जमतात. सीएचबीच्या माणसाला पैसे तासिकेचे मिळतात, नॅकची फाइल लावण्याचे नाही. हे त्या कागदावर दिसले की कोणाला प्रवचन द्यावे लागत नाही.

शेवटची पंधरा मिनिटे प्रत्येकाने एकच ओळ लिहायची: कोणते काम, कोणाकडे, कोणत्या अधिकारासह, कोणत्या तारखेपासून. इथे एक चूक फार होते. काम देतात आणि सही स्वतःकडे ठेवतात. मग ज्याला काम दिले तो प्रत्येक कागद घेऊन दारात उभा, म्हणजे मोशेची रांग पुन्हा सुरू. उताऱ्यात लहान प्रकरणाचा निकाल पूर्णपणे खालच्या माणसाचा आहे, हे पुन्हा वाचून दाखवा. त्याच अध्यायात माणसे कशी निवडावीत तेही आहे: कर्तबगार, देवाचे भय बाळगणारी, विश्वासू, लाचेचा तिटकारा असलेली. दुसऱ्या अटीवर चर्चा होईल, होऊ द्या. 'देव न मानणारा माणूस विश्वासू असू शकतो का' हा प्रश्न नागपूरच्या स्टाफरूममध्ये सैद्धांतिक नाही, समोरच्या खुर्चीवर बसलेल्या सहकाऱ्याबद्दलचा आहे. उत्तर देताना सभ्यता राहते की नाही, त्यावरून पुढचा विभागप्रमुख कोण हे अर्धे कळते.

बाकी सत्रांसाठी उतारे सुचवतो. नहेम्या 5: राज्यपालाने हक्काचा भत्ता बारा वर्षे घेतला नाही, कारण लोकांवर आधीच भार होता. यासोबत सेमिनारचा हिशेब, खरेदीची कोटेशने आणि परीक्षेच्या मानधनाची वाटणी काढा. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातले 24:15: मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या. यासोबत सीएचबीचे मागच्या वर्षीचे प्रत्येक देयक काढा आणि तीन तारखा लिहा: महिना संपला कधी, विभागाने तासिकांचा तक्ता ऑफिसला दिला कधी, ऑफिसने तो सहसंचालक कार्यालयाकडे पाठवला कधी. तिसऱ्या तारखेनंतरचा उशीर आपल्या हातात नसतो. पहिल्या दोन तारखांमधला असतो, आणि तिथे आठवडे गेलेले दिसले तर तो विभागप्रमुखाचा दोष. मत्तय 20 मधली द्राक्षमळ्याची गोष्टही (दिवसभर राबलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला सारखीच मजुरी) घ्या, पण या सत्रानंतर. आधी घेतली तर कायम प्राध्यापक 'आम्ही दिवसभर राबलो' या बाजूला बसतात आणि चर्चा सेवाज्येष्ठतेकडे वळते.

योहान 13, म्हणजे येशूने शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग, शेवटी ठेवा आणि स्टेजवर परात-तांब्या आणून तो करून दाखवू नका. प्राचार्य शिपायाचे पाय धुताहेत असा फोटो निघतो, तो वार्षिक अंकात छापला जातो आणि सोमवारी शिपायाला ओरडा बसतो तो बसतोच. त्याऐवजी विचारा की आपल्या विभागात कोणालाच नको असलेले काम कोणते. दिवाळीच्या सुटीच्या तोंडावरचे सुपरव्हिजन, इंटर्नल मार्क पोर्टलवर भरणे, नापास विद्यार्थ्याच्या पालकांना भेटणे. त्यातले एक काम विभागप्रमुखाने वर्षभर स्वतःच्या नावावर लिहायचे. तक्त्यात, शाईने.

सुरुवातीच्या प्रार्थनेबद्दल थोडे जास्त बोलतो, कारण नागपुरात हा प्रश्न नाजूक आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा मनापासून पाळणारे सहकारी तुमच्याकडे असणारच. त्यांच्यासाठी 'सर्वधर्म प्रार्थना' हाही तोडगा नव्हे. देवाला उद्देशून केलेली कोणतीही प्रार्थना त्यांच्या निष्ठेला बाजूला सारते, मग ती पाच धर्मांतून गोळा केलेली का असेना. आपल्याला वाटते आपण उदार झालो, त्यांना वाटते आपल्याला मोजलेच नाही. दोन मिनिटे शांतता सर्वांना चालते. घड्याळ लावून, दिवे न मंदावता, वाद्यसंगीताशिवाय. विदर्भातल्या माणसाला एकत्र शांत बसणे परके नाही, तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावोगाव रुजलेली आहे. ज्यांना ख्रिस्ती प्रार्थना हवी त्यांनी सत्राआधी वीस मिनिटे चॅपलमध्ये जमावे. उशिरा येणाऱ्या बाकीच्यांकडे कोणी वळून पाहू नये.

आता तिसरा प्रकार, ख्रिस्ती प्राध्यापकांची स्वतःची जडणघडण. पंधरा जण ख्रिस्ती आहेत म्हणजे ते एका मंडळीचे (पंथाचे) असतील असे नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले ते इथेच, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात. त्यामुळे ऐक्याचा अभिमान नागपूरकर ख्रिस्ती माणसाला असतो. तरी कॅथलिक आणि पेंटेकॉस्टल सहकारी त्या ऐक्याबाहेरचे आहेत, हे रिट्रीट (प्रार्थना-चिंतनाचे निवासी शिबिर) आखताना विसरायचे नाही. एकत्र रिट्रीटमध्ये प्रभुभोजन किंवा मिस्सा (भाकर-द्राक्षरसाचा विधी) ठेवू नका. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एका मेजावर ते घेत नाहीत, आणि ज्या क्षणी अर्धे लोक उठून पुढे जातात त्या क्षणी सकाळपासून जुळलेले सगळे तुटते. वाचन, मौन आणि दिवसाचे आत्मपरीक्षण एवढे पुरे.

हे आत्मपरीक्षण म्हणजे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांची जुनी पद्धत, बारा ते पंधरा मिनिटांची. आधी आभार, मग स्वच्छ दिसावे म्हणून विनंती, मग दिवस तासातासाने आठवणे, चुकले त्याबद्दल क्षमा, आणि उद्याचा एक निश्चय. प्राध्यापकासाठी तिसरी पायरी नेमकी करा: आज मी कोणाचे म्हणणे मध्येच तोडले, कोणाची उत्तरपत्रिका थकल्यावर तपासली, कोणाला भेट नाकारली. मोघम आठवले की मोघमच पश्चात्ताप होतो.

श्रद्धा आणि विषय यांचा मेळ घालताना संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाला पाठात बायबलचे वचन घालायला सांगू नका. नागपूरला याचे जुने आणि चांगले उदाहरण आहे. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये मिशनरी म्हणून इथे आले. शाळा काढली, आणि त्याच वेळी नागपूर परिसरातले खडक, जीवाश्म आणि गोंड समाजाच्या परंपरा यांची काटेकोर नोंद केली. गोंडांविषयीची त्यांची टिपणे मृत्यूनंतर 1866 मध्ये प्रसिद्ध झाली. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या नाल्यात ते बुडाले. दगडाचे वर्णन दगडासारखेच करायचे, ही त्यांची शिस्त. ख्रिस्ती प्राध्यापकाला विचारण्याचा प्रश्न तोच: तुमच्या विषयात खोटेपणा कुठे शिरतो आणि तिथे तुम्ही काय करता? शोधनिबंधावर न केलेल्या कामासाठी नाव लावणे, इंटर्नलला सरसकट अठरा मार्क देणे, प्रॅक्टिकलचे रीडिंग मागच्या जर्नलमधून उतरवणे. यावर ज्यांना वाटेल त्यांनी हजार-बाराशे शब्द लिहावे आणि एकमेकांना वाचून दाखवावे. सेवापुस्तिकेशी किंवा बढतीशी त्याचा संबंध ठेवू नये.

एक पथ्य मात्र कडक पाळा. जो गोपनीय अहवाल लिहितो त्याने आध्यात्मिक सोबत करू नये. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेत (कलम 240) सेमिनरीसाठी, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेसाठी, हाच नियम आहे: दीक्षेला उमेदवार घ्यायचा की नाही हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा कबुली ऐकणाऱ्याचे मत कधीही मागायचे नाही. प्राचार्य फादर असतील किंवा सचिव पाळक असतील, तर महाविद्यालयात हा नियम हटकून मोडतो. रिट्रीटमध्ये कोणी घरच्या अडचणी सांगतो आणि जुलैत त्याच्याकडून विभाग काढून घेतात. कारण वेगळेच असले तरी पुढच्या वर्षी कोणी तोंड उघडत नाही. मार्गदर्शक बाहेरचा आणा, आणि तो मॅनेजमेंटला कोणताही अहवाल देणार नाही हे आधी लिहून द्या.

वेळापत्रकात नागपूरचे हवामान आणि रस्ते धरा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना रिट्रीट नको. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन असते. सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, मोर्चे, बाहेरच्या वक्त्याला खोली मिळत नाही. सत्रे जुलै ते ऑक्टोबर चार, जानेवारी ते एप्रिल चार. रिट्रीट दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या मध्यात, परीक्षेच्या तारखा पाहून. मार्चमधले सत्र गुड फ्रायडेच्या आठवड्यात येत नाही ना आणि एप्रिलचे 14 तारखेला धरून येत नाही ना, तेही बघा.

खर्चात बाहेरच्या वक्त्यांवर सर्वांत कमी खर्च करा. आठपैकी दोन सत्रांना पुरेत. पैसा रिट्रीटच्या राहण्या-जेवणावर जावा, आणि तो मॅनेजमेंटच्या खात्यातून. अनुदानाच्या किंवा विद्यार्थ्यांच्या फीच्या पैशाला हात लावू नका.

उपयोग झाला का हे फीडबॅक फॉर्मवरून ठरवू नका, तिथे सगळेच 'उत्कृष्ट' असते. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी चार नोंदी काढा: सीएचबी देयकांच्या त्या पहिल्या दोन तारखांमधले दिवस, प्रत्येक विभागात सर्वाधिक आणि सर्वांत कमी भार असलेल्यांमधले तास, विद्यार्थ्यांच्या तक्रारीला लेखी उत्तर जायला लागलेले दिवस, आणि विभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात प्रमुखाखेरीज किती जणांनी विषय मांडले. या नोंदी नॅकच्या निकष 6.3 (प्राध्यापकांचे सक्षमीकरण) मध्ये आणि, टिकून राहिल्या तर, 7.2 च्या उत्तम उपक्रमांत निर्धास्त देता येतात. चॅपलमधल्या वीस मिनिटांचा फोटो मात्र तिथे जोडू नका.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन कागद तयार हवेत: बदललेला नोटिशीचा नमुना, बारा जणांच्या निवडीचे निकष आणि मार्गदर्शकाच्या गोपनीयतेचे पत्र. तिसऱ्यावर मॅनेजमेंटची सही मिळत नसेल तर यंदा रिट्रीट सोडा आणि फक्त आठ सत्रे घ्या.